नळावरचा नंबर

परदेशी मदतसंस्थेच्या नोकरीत मी सुदानमध्ये विहिरी खणून घेत असे. एखाद्या खेड्यात पंप बसला, की बायका पहिलं पाणी ओंजळीत धरून तोंडावर मारत आणि गावचा म्हातारा माझ्या हातावर खजूर ठेवी. अशा वेळी मला हटकून गिरगावातल्या आमच्या चाळीचा नळ आठवे. लग्नाआधी आईसाठी आणि नंतर बायकोसाठी तिथलं पाणी मीच भरत असे. खांद्यावर हंडा, हातात कळशी आणि जिन्यात पाणी सांडलं म्हणून आईची बोलणी. परक्यांच्या दाराशी पाणी नेणारा मी, माझ्या घरचं पाणी आता कोण भरत असेल, हा विचार टाळत असे.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हाही मी तिकडेच होतो. मुंबईत गोळीबार झाला, आमच्या भागातली माणसं तुरुंगात गेली, हे मला शिळ्या वर्तमानपत्रांतून कळायचं. घरची काळजी करायला लागावं, तोवर इकडे सगळं होऊन गेलेलं असायचं.

रजेवर आलो की घरात माझी पाहुण्यासारखी बडदास्त चाले. पानाभोवती रांगोळी, न मागता कढत पाणी. माझी मुलगी दारामागून विचारायची, "बाबा, तुम्हांला चहात साखर किती?" मला वाटे, कुणीतरी एकदा माझ्यावर ओरडावं, एखादं काम सांगावं.

अशाच एका रजेच्या शेवटच्या दिवशी पहाटे बायकोच्या हातातला हंडा मी काढून घेतला.

"अहो, राहू द्या. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पूर्वी मीच भरत होतो ना?"

"बरं. आपला नंबर आता पुढे असतो," ती म्हणाली. का, ते विचारायच्या आत ती चुलीकडे वळली.

मी खाली जाऊन पुढे उभा राहिलो. शेजारच्या काकूंनी, म्हणजे आईच्या जुन्या मैत्रिणीने, माझा हंडा पायाने बाजूला सरकवला.

"काय रे, तू कुठे घुसतोस?"

"आमचा नंबर पुढे आहे ना, काकू?"

"तो तुझ्या बायकोचा. चळवळीत इथले पुरुष आत गेले, तेव्हा चाळीने ठरवलं, ज्या घरात माणूस नाही त्यांनी आधी भरायचं. बायका एकट्या, पोरं लहान. तुझं घरही त्यातच धरलं."

"पण मी कुठे तुरुंगात होतो?"

"घरात होतास का? झालं तर मग. आता आहेस, तर मागे जा. साहेब तू तिकडचा."

बायका हसल्या. मागून एक शेजारी म्हणाले, "या, या. मी सुटून आलो त्याच दिवशी यांनी मला मागे काढलं." हे गृहस्थ चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. ते मुंबईसाठी आत गेले होते, मी भत्त्यासकट पगारावर बाहेर गेलो होतो, आणि आमच्या बायका एकाच रांगेत उभ्या होत्या. मला त्या गृहस्थांकडे बघवेना. तरीही खरं सांगायचं, तर त्यांच्यामागे उभं राहताना मला फार बरं वाटत होतं. कितीतरी वर्षांनी मला कुणी घरातला माणूस म्हणून मोजलं होतं.

"आता आहात ना काही दिवस?" त्यांनी विचारलं.

मी नुसता हसलो.

त्यांची बादली भरली आणि नळाची धार बारीक झाली. मी हंडा लावेपर्यंत नळ नुसता फुसफुसला. पाणी गेलं होतं.

बायको दारातच उभी होती. तिने रिकामा हंडा पाहिला.

"मिळालं नाही?"

"मला मागे उभं केलं."

काय झालं असेल ते तिला कळलं असावं. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. "असू दे. काकूंकडून कळशीभर आणते."

"उद्या लवकर उठतो आणि भरतो," मी बोलून गेलो.

तिने हंडा मोरीत पालथा घातला. पाठमोरी होऊनच ती म्हणाली, "उद्या तुमची बोट आहे. उद्या आपला नंबर पुन्हा पुढे."