तव्यावर भाजलेल्या निळ्या गोळ्या

बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या गोळ्यांची पुडी दिसली, की मला दुष्काळातल्या एका सकाळचं काकांचं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतलं पत्र्याचं शेड आठवतं. कारखान्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांत, जिथं विषारी वायूमुळे मास्क काढताच येत नाही, तिथं उतरणाऱ्यांसाठी काका छोट्या कॉम्प्रेसरवर श्वासाच्या हवेची सिलिंडरं भरत. दाबामुळे हवेतलं पाणी सुटायचं, आणि उरलेली ओल शोषून फिल्टरमधल्या निळ्या गोळ्या गुलाबी व्हायच्या. "सगळा मराठवाडा पाण्यासाठी रडतोय, अन् आपण हवेतलं काढून फेकतोय," काका हसायचे. आदल्या संध्याकाळी गुलाबी झालेल्या गोळ्या त्या सकाळी निळ्याशार होत्या. "काका, नव्या आणल्या?" "व्हय, नव्याच." पण नव्या डब्याचं सील तसंच होतं, आणि काकूचा तवा कॉम्प्रेसरशेजारी पडला होता. उलट विचारायचा मला धीर होईना. तेवढ्यात माझा भाऊ भरलेलं सिलिंडर पाठीला बांधून कामावर निघाला, तेव्हा मात्र मी त्याची बाही धरली. "दादा, एक श्वास इथंच घेऊन बघ ना." "तुला लई शंका, बाई!" म्हणत त्यानं मास्क लावला आणि दुसऱ्याच क्षणी खोकत, डोळे पुसत ओढून काढला. "काका, मिरचीचा ठसका लागतोय यात!" काका तव्याकडे बघत पुटपुटले, "भाजल्या की व्हत्यात कोरड्या. तवा घासायचा राहिला." दादानं सिलिंडरचे पट्टे सोडले. आता घरात सगळे मला संशयी म्हणतात, दादा मात्र टाकीत उतरण्याआधी अजून फोन करून विचारतो, "बोल, काही शंका?"