काचपेटीवरचा तवंग

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. ओळखीच्याला तर नाहीच — तुम्ही परके आहात, म्हणून जीभ उचलते.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे माशांच्या पेटीवरचा तवंग काढणं. ही काचेची पेटी मिलचा साहेब विलायतेला जाताना देऊन गेला होता, आतल्या लाल माशांसकट. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदाची दोन टोकं माझी बायको गंगव्वा धरायची, दोन मी. कागद पाण्यावर आडवा टेकवायचा आणि हळूच उचलायचा. तेल कागदाला चिकटून येतं. त्या संध्याकाळीही आलं. कागद बघून ती म्हणाली, "आज बी हायच की वो. आता अजून काय सोडू मी?"

मी माझ्या हातातली दोन टोकं सोडून दिली.

आम्हाला मूलबाळ झालं नाही. आमचं घर लिंगायताचं, मासा खायचं सोडाच, शिवायचा नाही. गल्लीतल्या बायका हसायच्या, "गंगव्वा, कालवण कधी गं?" ही म्हणायची, "तुज्या पोरांपरीस गुणाची हायती माझी." अशी जीव लावून बसलेली. पहिल्याच उन्हाळ्यात पाण्यावर तेल धरलं, मासे वर येऊन आ वासायला लागले, एक मेला. ती जेवली नाही. विचारलं, "कशानं मेला वो?" मी म्हणालो, "डोक्याला तेल थापतीस आन् त्याच हातानं माशांना भाकरीचा चुरा टाकतीस. दुसरं काय?"

दुसरं काय! मी मिलमध्ये मागांना तेल घालणारा माणूस. खोबरेल पाण्यावर गोल डोळ्यांसारखं राहतं, मिलचं तेल मोरपिशी होऊन पसरतं — हे मला कळत नव्हतं? ती चुलीपाशी असली की मी तशीच तेलकट बोटं पेटीत बुडवायचो. मासे येऊन बोटं चोखायचे. लई बरं वाटायचं. आधी राखेनं हात धुवा, असं तिनं बजावलेलं. मला कंटाळा यायचा. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं होतं!

तिनं केसांना तेल लावायचं सोडलं. नवरा जिवंत असताना कोरडं डोकं — बायका काय गप्प बसतात? "का गं, दादला मेला काय तुजा?" ती हसून सोडून द्यायची. तवंग काही जाईना. मग मी म्हणालो, फोडणीचा धूर बसत असेल. तिनं चूल परसात नेली. पावसात डोक्यावर पोतं घेऊन भाकरी थापल्या — आणि मी आत, बोटं पाण्यात. लोक मला देवमाणूस म्हणतात, बायकोची हौस पुरवली म्हणून. थू! बोलायला किती वेळ लागला असता? पण माशाचं मरण एकदा तिच्या माथी मारलं होतं. ते माघारी घ्यायला माणूस लागतो.

त्या संध्याकाळी कागद टाकून ती भिंतीला टेकली. छातीत कळ आली म्हणाली. दिवे लागायच्या आत गेली.

सकाळी शेजारणी तिला अंघोळ घालायला बसल्या. बाई अहेव, म्हणजे नवऱ्याच्या आधी गेली, तर डोक्यावर तेल घालायचं. शेजारची म्हातारी चन्नव्वा हातात वाटी घेऊन, तिचे केस चाचपून म्हणाली, "अगं माय, नुसती सुतळी झालीया! का वो दादा, ही तेल का लावत न्हवती?"

सगळी गल्ली दारात उभी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "तिला तेलाचा वास सोसत नव्हता."

चन्नव्वानं वाटी बाजूला ठेवली. "मग नगं. जाताना तरी तरास कशाला."

तिला तशीच नेली, कोरड्या डोक्यानं. मी पुढं चालत होतो.