कुंपणाबाहेरची जागा

फादर लिएंडर कुहलमन पाद्री घडवणाऱ्या आमच्या सेमिनरीत धर्मशास्त्र शिकवतो आणि मी चर्चचा कायदा. म्हणजे देव काय काय करू शकतो ते पोरांना तो सांगतो, आणि पाद्री काय काय करू शकत नाही ते मी. दोघांनीही सत्तरी ओलांडली, दोघांचेही गुडघे कामातून गेले. पण मिनेसोटात पाद्री उरलेत कुठे? म्हणून शुक्रवारी आणि रविवारी एकाच गाडीतून खेड्यातल्या चर्चला जातो.

लिएंडरची एक खोड आहे. सिद्ध करता येईल त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. 'कदाचित' आणि 'काहींच्या मते' यांच्याशिवाय त्याचं वाक्य पुढे सरकत नाही. विद्यार्थी जांभया देतात, तो थांबून चष्मा पुसतो, की पुन्हा तेच. अलीकडे तर त्याचा त्यालाच कंटाळा आलेला दिसतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता, मांस वर्ज्य. चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे तळलेल्या माशांचं जेवण होतं. नव्वदीची रोझालिया थीलन अजूनही तिथे कोबीची कोशिंबीर वाढते. त्या दिवशी ती वाढणं सोडून लिएंडरसमोर येऊन बसली.

"फादर, तुम्ही शिकलेले. माझा पहिला मुलगा मेलेलाच जन्मला. बाप्तिस्मा नाही तर स्वर्ग नाही, म्हणून तेव्हाच्या फादरांनी त्याला कबरस्तानाच्या कुंपणाबाहेर पुरायला लावलं. तो कुठे आहे? मरायच्या आधी मला एवढं कळू द्या."

लिएंडरने चष्मा पुसला. आणि वर्गातलंच सुरू झालं: जुन्या आचार्यांचं मत असं, नव्यांचं तसं, आशा बाळगायला भक्कम कारणं आहेत...

"लोकांना काय वाटतं ते सांगताय तुम्ही," रोझालिया म्हणाली. "मी विचारलं, माझं पोर कुठे आहे." आणि उठून कोशिंबिरीपाशी गेली.

गाडीत मी त्याच्यावर उखडलो. "'स्वर्गात आहे' म्हणाला असतास, तर जीभ झडली असती का तुझी?"

"तिला कळलं असतं रे. माझ्या तोंडाकडेच बघत होती ती." मग म्हणाला, "थकलो आता. जन्मभर शिकवलं, आणि एका आईला द्यायला माझ्यापाशी काही नाही."

तो आठवडा त्याने वर्गात खुर्चीत बसून काढला. पोरांनाच वाचायला लावलं. मग एका दुपारी माझ्या खोलीत आला.

"पाद्र्याला कुठे पुरायचं, यावर तुझा कायदा काय म्हणतो?"

"मोठ्या क्रुसाखाली आपली पाद्र्यांच्या कबरींची रांग आहे की."

"आणि कुंपणाबाहेर पुरलं तर?"

"भलतंच काय! अरे, आता नियम बदललाय. अशी पोरं आत घेता येतात. कुंपण सरकवू, चार खांबांचा तर प्रश्न."

"सरकव खुशाल. पण त्याने तिला उत्तर मिळणार आहे का?"

माझ्या कायद्यात यावर कलम नव्हतं. बिशपांना विचारावं लागेल, एवढंच मी पुटपुटलो.

"विचारून आलोय. कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले."

पुढच्या शुक्रवारी तो ताट घेऊन रांगेत उभा राहिला. मी त्याच्या मागेच होतो.

"रोझालियाबाई, तुमचा मुलगा कुठे आहे ते मला ठाऊक नाही. एवढं शिकवलं, तरी ठाऊक नाही. म्हणून माझी जागा मी त्याच्या शेजारी मागून घेतलीय. जिथे तो, तिथे मी."

रोझालियाचा डाव हातातच राहिला.

"तिथे पाणी साचतं, फादर," ती म्हणाली. "बर्फ वितळलं की नुसता चिखल असतो."

"चालेल मला."

तिने त्याच्या ताटात कोशिंबीर वाढली. परत वाढली. मग फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असं म्हणाली, "अल्फोन्स नाव ठेवलं होतं मी. बाप्तिस्मा नाही तर नाव कसलं, तेव्हाचे फादर म्हणाले. मग कुणाला सांगितलंच नाही."

"अल्फोन्स," लिएंडर म्हणाला. रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.