माझा डावा कान आणि सांगलीची मुलाखत

पुण्याजवळच्या लष्करी प्रबोधिनीत माझी निवड झाली तेव्हा पलूसजवळच्या आमच्या गावानं हलगी वाजवत मला एस.टी.त बसवलं होतं. वर्षभरानं परत आलो तेव्हा मी एक फाटा अलीकडंच उतरलो आणि उसाच्या कडेकडेनं, पाणंदीतून घरी गेलो. आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. तिनं ट्रंक बघितली, मग मला बघितलं.

"हातपाय धू. भाकरी टाकते," एवढंच म्हणाली.

झालं होतं ते असं. प्रबोधिनीत बॉक्सिंग सगळ्यांनाच सक्तीचं असायचं. हिमाचलमधल्या एका मुलाचा ठोसा माझ्या डाव्या कानावर बसला आणि पडदा फाटला. त्या बिचाऱ्याला फार लागून राहिलं. रोज संध्याकाळी तो इस्पितळात माझ्या खाटेशी येऊन बसायचा आणि घरून आलेले अक्रोड फोडून माझ्या हातावर ठेवायचा. कान पिकला, ऑपरेशन झालं, पण ऐकू येईना. बंदुकांच्या आवाजात राहिलो तर दुसराही कान जाईल, असं डॉक्टरांनी ठरवलं आणि मला घरी पाठवलं.

घरी मी सांगितलं की कान दुखावलाय, पण आता बरा होत आलाय. बहिरा हा शब्द मला स्वतःला लावून घ्यायचा नव्हता. आमच्या गावात बहिऱ्या माणसाची कशी थट्टा चालायची ते मी बघत आलो होतो. आई मात्र विचारणाऱ्या बायकांना सरळ सांगायची, "कान फुटला म्हनून आलंय पोरगं. जीव जाग्यावर हाय." मग पुढं कोणी काही विचारायचं नाही.

वडील फौजेत हवालदार होते आणि तेव्हा पार काश्मीरकडं होते. त्यांना कळवलं तेव्हा मला धास्ती होती. त्यांचं चार ओळींचं पत्र आलं. आईजवळ राहा, शिक्षण सोडू नको, मी रजेवर आलो की बोलू. त्यात कुठं राग दिसतोय का म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. राग नव्हता, पण त्यांच्या मनात काय चाललंय तेही कळत नव्हतं.

साताऱ्याच्या एका कॉलेजात प्रवेश मिळत होता. तिथल्या वसतिगृहात मुलं सकाळी काम करायची आणि त्यावर त्यांचं जेवणखाण भागायचं. फी आणि पुस्तकांचा प्रश्न उरला. सैनिकांच्या मुलांना सरकारी मदत मिळते असं कळलं, म्हणून मी सांगलीच्या कचेरीत अर्ज नेला. कारकुनानं कागद चाळले आणि म्हणाला, सरकारनं तुझ्यावर एकदा खर्च केलाय, तू ते शिक्षण पुरं केलं नाहीस, आता परत कसं देणार? तरी त्यानं अर्ज ठेवून घेतला. मुलाखतीला पालकांना घेऊन ये, म्हणाला.

पालक म्हणजे आईच. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि आम्ही पहाटेच्या गाडीनं निघालो. वाटेत तिनं मला काहीच पढवलं नाही. मीच मनात उत्तरं घोळवत होतो.

आत टेबलामागं समोर एक अधिकारी होते. त्यांच्या एका बाजूला शाळामास्तर असावेत असे गृहस्थ आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्या डावीकडं, निवृत्त मेजर. मी खुर्चीवर बसलो. आई मागं दाराजवळच्या बाकावर टेकली. अधिकाऱ्यांनी नाव, गाव, वडिलांची पलटण विचारली, ती मी सांगितली. मग कोणीच काही बोलेना. मी समोर बघत राहिलो. मास्तर माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघत होते.

"मेजरसाहेब दोनदा विचारतायत," अधिकारी म्हणाले. "वडीलधाऱ्यांना उत्तर द्यायचं नाही, हे प्रबोधिनीत शिकवलं का?"

मी गोंधळून डावीकडं वळलो. मेजर हळू आवाजाचे होते, त्यांचा एक शब्दही माझ्यापर्यंत पोचला नव्हता. तेवढ्यात मागं बाक वाजला. आई उठून उभी राहिली होती.

"आवं साहेब," ती म्हणाली, "त्येला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. उजवीकडनं इचारा, समदं सांगंल."

मी वळून तिच्याकडं बघितलं. तिचा पदर नीट होता, आवाज नेहमीचाच होता. मेजर उठले, स्वतःची खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या उजव्या हाताला बसले.

"आता सांग," ते म्हणाले.

मग मी बॉक्सिंग, इस्पितळ, ऑपरेशन सगळं सांगितलं. आईच्या देखत हे पहिल्यांदाच बोलत होतो. फौज सुटल्याचं वाईट वाटतं का, असं त्यांनी विचारलं. वाटतं, म्हणालो, सकाळी जाग आल्यावर जास्त वाटतं. शिकून काय करणार, यावर घोकून आणलेलं उत्तर होतं, पण ते तोंडातून निघेना. ठरवलं नाही अजून, पण शिकायचंय, एवढंच म्हणालो.

अधिकाऱ्यांनी कारकुनाचीच शंका पुन्हा काढली. मेजर शांतपणे म्हणाले, "पोराचा कान आपल्याच तालमीत गेला. राहिलेलं शिक्षण आपण नाही बघायचं, तर कोणी?"

बाहेर आवारातल्या चिंचेखाली आम्ही भाकरी सोडली. आई माझ्या उजवीकडं बसली होती, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरी आल्यापासून ती नेहमी याच बाजूला बसत होती. मी तिला विचारलं, तुला कधी कळलं?

"आलास त्याच दिशी. चुलीम्होरं तू जेवत हुतास. मी डाव्या अंगाला बसून बोलत हुते, तर तुझं ध्यानच न्हाई. मग उठून उजवीकडनं बसले, तवा बोललास."

"मग इचारलं का न्हाईस?"

"तू सांगशील तवा सांगशील म्हनलं." तिनं चटणी माझ्याकडं सरकवली. "आज सांगावं लागलं. राग आला व्हय रं?"

मी नाही म्हणून मान हलवली आणि चटणी भाकरीवर घेतली.

मदत मंजूर झाली. साताऱ्याच्या वसतिगृहात मला भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायचं आणि स्वयंपाकघरात हात लावायचं काम मिळालं. वर्गात मी डाव्या भिंतीलगतचा बाक धरला. शेजारच्या मुलांना पहिल्याच आठवड्यात कानाचं सांगून टाकलं आणि कोणी हसलं नाही.

थंडीत वडील रजेवर आले, ते घरी न जाता आधी साताऱ्यालाच उतरले. खांद्यावर बिस्तरा होता, दाढी वाढली होती. मी पाया पडलो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि डावा कान नीट बघितला, लहान पोराचा बघावा तसा.

"दुखतंय का अजून?"

"न्हाई."

"मग बास. मला तेवढंच लागून राहिलं हुतं."

गाडीत त्यांना झोप मिळाली नव्हती. ते माझ्या खाटेवर आडवे झाले आणि बूट काढायच्या आत घोरायला लागले. मी बूट काढून ठेवले, अंगावर घोंगडं टाकलं आणि तासाला गेलो. परत आलो तर खाट रिकामी होती. स्वयंपाकघरात हसण्याचा आवाज येत होता. वडील मुलांच्या घोळक्यात पाटावर बसून कांदे चिरत होते आणि बर्फात चहा कसा करतात ते सांगत होते. मला बघून त्यांनी जरा सरकून जागा केली. मी एक विळी ओढून घेतली आणि बसलो.