हळूमामांच्या फाइलमधली चिठ्ठी

१७ ऑगस्टला हिशेब विभागातल्या माझ्या टेबलावर वसुलीचा एक कागद आला. रक्कम एक लाख सत्तेचाळीस हजार चारशे रुपये. वसूल करायची आमच्याच रुग्णालयातल्या स्ट्रेचरवाल्या मामांकडून, पगारातून, हप्त्याहप्त्याने. बेरीज मी दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती.

या मामांना सगळे हळूमामा म्हणत. स्ट्रेचर लिफ्टमध्ये घालताना, वळणावर, उंबरठ्यावर त्यांचं "हळू, हळू" चालूच असे. एकदा एका नर्सने चिडवलं की मामा, स्ट्रेचर रिकामं आहे, आता तरी पळवा. मामा म्हणाले, "रिकामं पळवायची सवय लागली की भरलेलंही पळतं." बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकाही पेशंटला धक्का लागला नव्हता.

मार्चमध्ये एक वजनदार पेशंट तपासणीच्या टेबलावरून घसरू लागला. मामांनी त्याला एकट्याने खांद्यावर तोलून धरलं. पेशंटला खरचटलंसुद्धा नाही. मामांच्या मानेत मात्र कट्ट आवाज झाला आणि उजव्या हाताची बोटं बधिर पडली. मानेतला पाचवा मणका पुढे सरकला होता. ऑपरेशन करून स्क्रू बसवावे लागले.

रुग्णालयात प्रत्येक दुखण्याचा शेवटी एक क्रमांक होतो. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचून रेकॉर्ड विभागातला माणूस ठरलेल्या पुस्तकातून तो देतो, आणि पैसे कोणी भरायचे ते त्यावर ठरतं. मणका झिजेने सरकला असेल तर एम ४३.१२. तो आजार, आमच्या कर्मचारी योजनेतून त्याला चाळीस हजार मिळतात, वरचा खर्च कर्मचाऱ्याच्या पगारातून कापतात. मार किंवा हिसका बसून सरकला असेल तर एस १३, आणि सोबत काय करताना लागलं ते सांगणारा आणखी एक क्रमांक. ती कामावरची इजा. सगळा खर्च रुग्णालयाचा. मामांच्या फाइलवर एम ४३.१२ होता.

सर्जननी सारांशात "मानेचा मणका सरकलेला" एवढंच लिहिलं होतं. एक्स-रेच्या अहवालात थोडी झीज होती. पन्नाशीनंतर ती कोणाच्या मानेत नसते? अशा वेळी कोड देणाऱ्याने मनाने काही ठरवायचं नसतं. त्याने सर्जनना निळी चिठ्ठी पाठवून विचारायचं, झिजेने की इजेने, आणि उत्तर फाइलला लावायचं. मामांच्या फाइलला चिठ्ठीच नव्हती.

कोड दिला होता मामांच्या मेहुण्याने. आईवडील गेल्यावर हा बायकोचा धाकटा भाऊ मामांच्याच घरी वाढला, शिकला. मामांनी साहेबांच्या मिनतवाऱ्या करून त्याला रेकॉर्डला चिकटवला आणि पुढे कॅन्टीनमध्ये ऐटीत सांगायचे की आमचे मेहुणेसाहेब आजाराला नंबर देतात, आम्ही नुसते आजारी ढकलतो.

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, सगळं स्पष्ट होतं, चिठ्ठीची गरजच पडली नाही. मी पडलो कॉमर्सचा माणूस. तोंडी उत्तरापेक्षा स्थळप्रतीवर विश्वास जास्त. चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं. दोनशे तेराच्या प्रतीवर 'परत आली' अशी नोंद, दोनशे पंधराच्या प्रतीवरही. दोनशे चौदाची कार्बन प्रत मात्र नोंदीशिवाय होती, मेहुण्याच्या अक्षरात, मामांच्या फाइलचा नंबर घातलेली. सर्जनना भेटलो. त्यांना आठवत होतं, चिठ्ठी मिळाली त्याच संध्याकाळी त्यांनी उत्तर लिहून परत पाठवलं होतं: काम करताना झालेली इजा. खाली सही.

ती प्रत पुढे ठेवल्यावर मेहुण्याने दार लोटून घेतलं आणि सांगितलं. त्या वर्षी कामावरच्या दोन इजा आधीच झाल्या होत्या, तिसरी झाली असती तर रुग्णालयाला सरकारी तपासणी लागली असती. व्यवस्थापक तोंडीच म्हणाले होते, घरचीच फाइल आहे, सांभाळून घ्या. याच्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता.

"मी खोटं काही लिहिलं नाही," तो म्हणाला. "एक चिठ्ठी लावली नाही, एवढंच."

मामांना सांगणं माझ्याकडेच आलं. गळ्यात पट्टा असल्याने कार्बन प्रत मला त्यांच्या डोळ्यांसमोर उंच धरावी लागली. आधी त्यांनी विचारलं, अक्षर दुसऱ्या कोणाचं असेल का. मग म्हणाले की बायकोला हे बेताने सांगावं लागेल, भाऊ म्हणजे तिचा जीव की प्राण.

दुसऱ्या दिवशी ते आले.

"तिला एप्रिलपासून माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणाली, त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे, तुमची मान तर गेलीच. अहो, हा पट्टा रोज सकाळी तीच बांधते."

फेरतपासणीचा अर्ज रुग्णाला स्वतः द्यावा लागतो, एवढं मी सांगितलं. त्यांच्या बोटांत पेन धड राहत नव्हतं म्हणून अर्ज मी लिहिला. मेहुण्याचं नाव घालू का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "नाव नको. ते हाक मारायला ठेवलंय आम्ही. चिठ्ठीचा नंबर घाला."

मी नंबर लिहीत होतो तेवढ्यात मेहुणा दारात आला. बातमी त्याला कोणी दिली कोण जाणे.

"भावोजी, चुकलो. सगळे हप्ते मी भरतो. अर्ज तेवढा देऊ नका, माझी नोकरी जाईल."

मान वळत नसल्याने मामा खुर्चीसकट त्याच्याकडे वळले.

"तेव्हा मला विचारलं असतंस तर मीच म्हणालो असतो, लाव तुझा एम त्रेचाळीस. बहिणीला सांगितलंस. मला विचारलं नाहीस."

आणि त्यांनी सही केली. सही वाकडी आली. बँकेत चालणार नाही, पण इथे चालेल, असं तेच म्हणाले.

सप्टेंबरअखेर क्रमांक बदलला, वसुली रद्द झाली. मेहुण्याची बढती गेली आणि त्याला जुन्या फाइलींच्या गोदामात टाकलं. व्यवस्थापकांना काही झालं नाही. त्यांचं लिहिलेलं कुठेच काही नव्हतं. मामांना आता वजन उचलता येत नाही, त्यामुळे त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलंय. कोणता वॉर्ड कुठे, हे ते हाताने दाखवतात. नवराबायको एकाच घरात राहतात. बोलणं वाणसामानापुरतं. मेहुण्याची बायको सणासुदीला मुलांना पाठवते, मामा त्यांना जवळ घेतात, त्याच्याबद्दल विचारत नाहीत.

अर्जाला जोडायला फाइलच्या नकला काढल्या होत्या. त्यांचे पासष्ट रुपये मी भरले. ते मामांकडून येणं आहे.