समासातली नोंद

आमच्या सरकारी इमारतीत शिरायचं तर आधी नोंदमास्तरांसमोर उभं राहावं लागे. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुणीतरी थट्टेने ठेवलं आणि चिकटलं. मुख्य दरवाजातून आत आलं की डावीकडे काचेची खोली, तिच्यात एक टेबल, टेबलावर काळा फोन आणि हिरव्या पुठ्ठ्याची लांबलचक वही. येणाऱ्याचं नाव, कुठून आला, कुणाकडे, किती वाजता, सही. एकवीस वर्षं त्यांनी एवढंच काम केलं, आणि अशा तोऱ्यात केलं की जणू इमारत त्यांच्या वडिलांनीच बांधली असावी.

माणूस तिरसट. एकदा मोठ्या साहेबांच्या सासूबाई आल्या आणि "मी साहेबांची सासू" म्हणून सरळ आत निघाल्या. मास्तरांनी वहीवरून मान न उचलता सांगितलं, "सासू हे नातं झालं बाई. नाव सांगा." सासूबाईंनी फणकाऱ्याने नाव सांगितलं आणि वर जाऊन जावयाकडे तक्रार केली. जावई गालातल्या गालात हसला म्हणतात. पुढे महिनाभर मास्तर तो किस्सा रोज कुणाला तरी सांगत, आणि रोज सासूबाईंचा फणकारा थोडा वाढत जाई.

माझी टायपिंगची खोली त्यांच्या खोलीला लागूनच. मध्ये पातळ भिंत, त्यामुळे इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव मला न विचारता कळे. नऊ वर्षं आम्ही दुपारचा डबा एकत्र खाल्ला. ते बोलायचे, मी खायचे. फार गोडी होती असं नाही, पण रोजची सवय होती, आणि या वयात सवयीलाच माणूस मैत्री म्हणतो.

चौथ्या मजल्याची रीत मात्र वेगळी होती. तिथे बंद दाराआडच्या बैठका चालत. तिथल्या पाहुण्यांची नोंद करायची नाही, असा नियम होता, आणि तो कुठेही लिहिलेला नव्हता. उपसाहेब वरून फोन करत, "माणूस येतोय. नाव विचारू नका." मग तो आला की मास्तरांनी फक्त म्हणायचं, "चौथा?" त्याने मान हलवली की पास द्यायचा. वहीत नुसता अनुक्रमांक आणि वेळ. बाकी ओळ कोरी.

ती कोरी ओळ मास्तरांना घासातल्या खड्यासारखी लागे. म्हणून त्यांनी आपल्यापुरती एक युक्ती काढली होती. अशा ओळीच्या शेजारी, समासात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात ते लिहून ठेवत, 'सूचना ४२ वरून, नाव न विचारणे.' बेचाळीस हा उपसाहेबांचा आतला नंबर. आम्ही पाठीमागे त्यांना बेचाळीसच म्हणायचो. मास्तरांनी मला ते एकदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "कशाला नसती उठाठेव?"

"उद्या काही झालं तर विचारणार मलाच ना?" ते म्हणाले. "बेचाळीसला कोण विचारतंय?"

आणि झालंच. एका मंगळवारी अकरा दहाला बेचाळीसचा नेहमीचा फोन आला. अकरा वीसला एक गृहस्थ आला. चांगला सूट, हातात चामड्याची बॅग, चेहऱ्यावर घाई. मास्तरांनी विचारलं, "चौथा?" तो म्हणाला, "हो, चौथा." पास घेतला आणि लिफ्टने वर गेला. हा गृहस्थ पडदे विकायचा. त्याला मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर खिडक्यांचं माप घ्यायला बोलावलं होतं, आणि बॅगेत कापडाचे नमुने होते. खरा पाहुणा दहा मिनिटांनी आला. मास्तर म्हणाले, "चौथ्याचा माणूस वर गेला." तो लालबुंद झाला आणि निघून गेला, आपण कोण हे सांगायला त्यालाही मनाई होती.

वर बंद खोलीत अकरा माणसं बसली होती, भिंतीवर मोठा नकाशा. पडदेवाला आत शिरला तेव्हा प्रत्येक खात्याला वाटलं, हा दुसऱ्या खात्याचा. कुणी विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कबूल करणं. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. पन्नास मिनिटं तो बिचारा आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसला. शेवटी कुणीतरी अदबीने विचारलं, "आपलं काय मत?" तो म्हणाला, "उजेड फार येतोय. जाड काहीतरी लावावं लागेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकाने तर ते लिहून घेतलं.

निघताना त्याने खिडकीचा फोटो काढला आणि मापासाठी दुकानात पाठवला. फोटोत खिडकीशेजारी तो नकाशाही आला होता. दुकानातून तो कुणाकडे गेला, तिथून कुठे, देव जाणे. शुक्रवारी सकाळी तो वर्तमानपत्रात होता, आणि शनिवारी सगळा देश पोट धरून हसत होता.

मीही हसले. खोटं कशाला सांगू? मास्तरही हसले. तेवढा एक दिवस.

सोमवारी वरून खुलासा आला, की सुरक्षेत कुठलीही त्रुटी नाही आणि त्या दिवशी चौथ्या मजल्यावर बैठक झालेली नाही. मग जी बैठक झालीच नाही तिच्यात परका माणूस कसा शिरला, हे शोधायला तिघांची समिती नेमली. अहवाल गोपनीय राहणार, समितीतली नावं गोपनीय, आणि तिघांपैकी दोघे त्या दिवशी त्याच टेबलाभोवती बसलेले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, इथे मूठ उघडून सगळ्या जगाने पाहिली होती तरी हे झाकतच होते.

हिरवी वही त्यांनी पहिल्याच दिवशी उचलून नेली. मास्तरांना घरी बसवलं. आरोप दोन. एक, नोंद न करण्याचा निष्काळजीपणा. दुसरा, पडदेवाल्याशी संगनमत. पहिला सिद्ध झाला असता तर कुठेतरी कोपऱ्यात बदली झाली असती. दुसऱ्याने माणूस आयुष्यातून उठतो.

ते डगमगले नव्हते. चौकशीला आले की माझ्या खोलीत डोकावून जात. "वही त्यांच्यापाशीच आहे ना? मग झालं. समास वाचतील आणि मला सोडतील." मी मान हलवायचे.

अहवाल टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. सोबत परिशिष्टं होती, आणि तिसऱ्या परिशिष्टात वहीचं ते पान. मी ते डोळ्यांनी पाहिलं. अकरा वीस, कोरी ओळ, आणि समासात ती मुंगीची पावलं, 'सूचना ४२ वरून, ११.१०, नाव न विचारणे.' मी अक्षर न् अक्षर टाईप केलं, आणि मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, सुटला म्हातारा.

दुसऱ्या दिवशी समितीचे चिटणीस मसुदा घेऊन परत आले. तिसऱ्या परिशिष्टावर तांबडी काट मारलेली, वर शिक्का, 'अति गोपनीय'. त्या जागी नवं वाक्य घालायचं होतं, 'उपलब्ध कागदपत्रांत अशा सूचनेचा कोणताही पुरावा आढळत नाही.' त्यांनी एक कागद पुढे केला. अहवालातलं काहीही बाहेर बोलणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. मी सही केली. मग ते वाक्य टाईप केलं. एकही चूक झाली नाही.

मास्तरांनी अर्ज केला, की मला माझं पान दाखवा. उत्तर गेलं, वही गोपनीय आहे आणि ती पाहण्याचा अधिकार तुम्हाला नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं, की अहो, ती मीच लिहिली आहे. उत्तर गेलं, अशी वही आहे किंवा नाही हे सांगता येत नाही. तिसऱ्या अर्जाला उत्तर होतं, बाब विचाराधीन आहे. चौथ्याला उत्तर नव्हतं. पहिली तीन उत्तरं मीच टाईप केली.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण किती सहज म्हणतो. मी त्या फाशीचा दोर वळत होते आणि दुपारी डबा खात होते, एकटी.

एके दिवशी त्यांची बायको आली. वहिनी म्हणजे गरीब गाय, कधी वर मान करून बोलली नसेल. माझ्यासमोर स्टुलावर बसली. "घराच्या दाराला कुणीतरी पडद्याचा तुकडा बांधून गेलं," ती म्हणाली. "लेकीच्या सासरी विचारतात, पडदेवाल्याने काय दिलं म्हणून. लेक आता येत नाही. हे म्हणतात, मी लिहिलंय. तुम्ही शेजारीच बसता. तुम्हाला माहीत असेल ना?"

मी तिला पाणी दिलं. "होईल सगळं नीट, वहिनी," म्हटलं. तिने माझा हात धरला आणि आभार मानले. ती गेल्यावर मी बराच वेळ हात धूत बसले, आणि मग मलाच माझा राग आला, कारण हात धुणं फार सोपं होतं.

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे मी स्वतःला रोज सांगत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या कागदावर माझी सही होती. मी एकटी बाई. कारणं खूप होती आणि सगळी खरी होती. एवढ्यात बेचाळीसना बढती मिळाली, मोठी खोली मिळाली, आणि तिला जाड पडदे लागले. पडदेवाल्याला तर आठवड्यातच सोडून दिलं होतं; त्याचं दुकान जोरात चालत होतं असं ऐकलं.

चौदा महिने गेले. समितीने मास्तरांना बावीस वेळा बोलावलं. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तीच भिंत, आणि ते म्हणत, समास बघा. समोरचा म्हणे, कुठला समास? मग एक दिवस त्यांना तडजोड सुचवण्यात आली. नोंद करायची राहिली आणि कुठलाही फोन आला नव्हता, असं लिहून द्या. संगनमताचा आरोप मागे घेतो. गुपचूप घरी जा.

तो कबुलीजबाब टाईप करून घ्यायला ते माझ्याकडे आले. दार लोटून घेतलं. बाहेर कुणी नव्हतं, जेवणाची सुट्टी होती. हे मुद्दाम सांगते, म्हणजे कुणी माझ्या वतीने सबब शोधायला नको. मास्तर खूप वाळले होते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. हातातला मजकुराचा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला, पण बोट त्यावरून काढलं नाही.

"बाई, एक विचारू? साक्ष द्या म्हणत नाही. कुणाला सांगू पण नका. फक्त मला सांगा."

"काय?"

"मी त्या दिवशी लिहिलं होतं ना?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"नाही, त्याचं काय झालंय," ते म्हणाले, "इतक्या वेळा विचारलं त्यांनी, की आता डोळे मिटले की ते पान दिसतं, पण कधी समासात अक्षरं दिसतात, कधी नाही दिसत. त्या दिवशी गर्दीपण होती जरा. एकवीस वर्षांत एकदा राहून गेलं असेल का? परवा हिला म्हटलं, कदाचित माझंच चुकलं. ती रडायला लागली. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुमच्याकडे सगळे कागद येतात. तुम्ही पान पाहिलंय का?"

एक शब्द पुरला असता. 'हो.' तो शब्द घेऊन ते कुठेही गेले नसते, याची मला खात्री होती. त्या माणसाने कुणाचं गुपित कधी फोडलं नव्हतं. तो शब्द त्यांना फक्त घरी न्यायचा होता.

"मी नाही पाहिलं," मी म्हणाले. आणि तेवढ्याने भागलं असतं, पण माझी जीभ थांबली नाही. "असतं तर माझ्याकडे आलं असतं ना, मास्तर."

त्यांनी दोनदा मान हलवली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट हिशेब लागल्यावर माणूस सैल पडतो तसे खांदे खाली आले.

"तेही खरंच. तुम्ही कशाला खोटं बोलाल?" ते म्हणाले. "मग राहिलंच असणार."

मी मजकूर टाईप केला, कागद काढून दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. पेन उघडलं, मग परत बंद केलं.

"बाई, एक ओळ वाढवाल का शेवटी? चौदा महिने मी उगाच उपसाहेबांचं नाव घेत राहिलो. चांगला माणूस आहे तो. लिहा, की त्यांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल मी त्यांची माफी मागतो."

मी ती ओळ वाढवली.