मॅनेजर घडवणारे सुंदररावजी

सुंदररावजींची नि माझी पहिली गाठ तंजावूरच्या भातगिरणीत पडली. ते तिथले सरव्यवस्थापक, मी वाळवणी यंत्रावरचा नवखा कामगार. दाणा दाताखाली धरून ओल कशी ओळखायची, हे त्यांनी मला चारदा दाखवलं आणि पाचव्यांदा माझ्याकडून करवून घेतलं. शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पुढे त्यांनी मला ओरत्तनाडूच्या शाखेचा मॅनेजर केलं आणि शिकवणंच बंद केलं! फोनवर काहीही विचारलं की एकच उत्तर: "सेरि, बरं, तूं काय करणार तें सांग की." मला रागच यायचा.

एकदा ऐन हंगामात भिजलेलं भात गाड्याच्या गाड्या येऊन पडलं. माझं डोकं चालेना. यंत्रावरच्या सेल्वमला बाजूला सारून मी स्वतःच बाह्या सरसावल्या आणि आच वाढवली. "आच फार होतेय, सार," तो म्हणाला. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दाणे तडकून कण्या झाल्या आणि मी यंत्राशी झटत असताना अंगणातला ओला ढीग तापून वाया गेला. नोकरी गेली, असंच मी धरून चाललो.

मालकांसमोर सुंदररावजी उभे राहिले. "त्याला नेमलेलं मी आहे. चूक माझ्या नावावर धरा," एवढंच बोलले. बाहेर आल्यावर मात्र त्यांनी माझी चांगलीच हजेरी घेतली.

"पुढं असं झालं तर कोणाला विचारशील?"

"तुम्हांला, अण्णा."

"अय्यो! मी इथं तंजावुरांत. सेल्वम तुझ्या शेजारी होता की रे! यंत्र तुला येतं, तेंच तुला भारी पडलं."

कामगाराला शिकवताना उत्तर ठरलेलं असतं. मॅनेजर घडवताना उत्तर ठाऊक असूनही गप्प बसावं लागतं आणि त्याची चूक आपल्या अंगावर घ्यावी लागते. हे मला त्या दिवशी कळलं. परतल्यावर मी सेल्वमची माफी मागितली. त्या हंगामात आच किती ठेवायची, ते तोच ठरवत होता.

माझे वडील तिरुवैयारूला अंथरुणाला खिळले होते, तेव्हा सुंदररावजी दर रविवारी बसने येऊन त्यांच्यापाशी बसत. गिरणीचं अवाक्षर काढत नसत.

आज ते पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे मागताना माझा स्वार्थ लपवत नाही. त्यांना न विचारता निर्णय घेण्याचं बळ मला अजूनही ते आहेत म्हणूनच येतं.